निळ्या जीनचं शेवटचं कडवं

हे घडलं दोन हजार बावीस साली. कोरोनाच्या दोन वर्षांत अडून राहिलेली लग्नं त्या उन्हाळ्यात एकदमच निघाली होती. सोलापुरात एक मंगल कार्यालय रिकामं नव्हतं, घोडेवाल्यांना जेवायला सवड नव्हती, आणि शुक्रवार पेठेतल्या बोळांतून दिवसाआड तरी वरात जायचीच. वरात म्हणजे पूर्वीसारखी बँडवाल्यांची नव्हे. पुढं टेम्पो, टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर, आणि त्यातून असा दणका की घरातली फळीवरची भांडी आपोआप वाजायची.

अशाच एका संध्याकाळी वैजयंतीबाई नवऱ्याला ज्वारीच्या पातळ कण्या भरवत होत्या. चन्नवीर मास्तर एकेकाळी पेठेतले नावाजलेले शिंपी. पँट कापावी तर त्यांनीच. पण टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. घरात दोन्ही भाषा होत्या. आईशी कानडी, बायकोशी मराठी. त्यातली मराठी जिभेवरून पार पुसली, कळायची तेवढी. उरले ते लहानपणचे चार-सहा कानडी शब्द. नीरु म्हणजे पाणी, साकु म्हणजे पुरे, इल्ला म्हणजे नाही, एल्ली म्हणजे कुठं. तेवढ्यावर दोघांचा संसार चालला होता. वैजयंतीबाईंचं माहेर टेंभुर्णीकडचं, मराठी वाण्याचं. कानडी त्या सासूकडून शिकल्या होत्या, पाटा-वरवंट्याजवळ बसून.

वरात बोळाच्या तोंडाशी आली आणि चमचा हातातच राहिला.

*निळी जीन, निळी जीन, कोण आली गं,*
*नव्या पेठेची वाट निळी झाली गं!*

आवाज वैजयंतीबाईंचाच होता. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा, कोवळा, टोकाशी जरा चिरका. कुणीतरी जुनी कॅसेट धुंडाळून काढून तिच्याखाली ढोल घातला होता. मास्तरांनी मान उचलली. डोळ्यांत एकदम माणूस आला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला त्यांची डावी बोटं गादीवर ताल धरायला लागली. आणि मग गाणं पुढं गेलंच नाही. डीजेवाल्यानं ते तिथनं उचलून पुन्हा पहिल्यावर नेलं. निळी जीन, निळी जीन. पुन्हा तिसऱ्यापर्यंत, पुन्हा पहिल्यावर. वरात असंच गोल गोल गात लांब गेली.

"एल्ली?" मास्तरांनी विचारलं.

काय कुठं, ते वैजयंतीबाईंना सांगावं लागलं नाही. चौथं कडवं कुठं? माझं नाव कुठं?

"वरात फुडं गेली न्हवं का," त्या म्हणाल्या. "लांब गेल्यावर वाजवत्यात शेवटचं."

मास्तरांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. उरलेल्या कण्या त्यांनी खाल्ल्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात तेच गाणं घोड्यापुढं वाजलं, हळदीला वाजलं, कुणाच्या तरी वाढदिवसाला चौकात वाजलं. दर वेळी मास्तर मान उचलायचे, वाट बघायचे, आणि विचारायचे, एल्ली? शेवटी एकदा वैजयंतीबाईंनी त्यांचा चांगला हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मी ऐकवते तुमाला. अक्खं गाणं, शेवटच्या कडव्यासकट, असंच मोठ्या आवाजात. शब्द हाय माझा."

बोलून तर बसल्या. कसं करणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

*

ते गाणं मास्तरांचंच. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. तेव्हा तयार जीन मिळायची ती मुंबई-पुण्याला, सोलापुरात मिळायचं ते कापड. चाटी गल्लीतून माणूस कापड घेऊन यायचा आणि मास्तरांपुढं टाकायचा. मास्तर ते शिवायचे साध्या मशीनवर. कापड असं जाड, की सुया मोडायच्या. म्हणून शिवणीवर आधी मेणबत्ती घासायची, मग पिवळ्या दोऱ्याची दुहेरी टीप मारायची. कमरेच्या आत शेवटी आपल्या नावाचं लेबल. लेबल लागल्याशिवाय पँट गिऱ्हाइकाच्या हातात जायची नाही.

एक दिवस एका डॉक्टरची मुलगी भावाला घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, मला जीन शिवायची आहे. दुकानातले बाकीचे कारागीर खाली बघायला लागले. मास्तरांनी मुलीच्या अंगाला टेप लावला नाही. तिच्या सलवारीवरून आणि भावाच्या पँटीवरून अंदाज बांधला आणि कापड कापलं. आठवड्यानं ती मुलगी ती जीन घालून नव्या पेठेतून चालत गेली. सायकलवाले सायकली सोडून उभे राहिले म्हणे. भर एप्रिल होता.

"पाय भाजले नसतील का वो तिचे?" वैजयंतीबाईंनी तेव्हा विचारलं होतं. "आपल्या सोलापूरच्या उन्हात, तसल्या गोणपाटात!"

मास्तर हसले होते आणि रात्री खडूनं कापडाच्या चिंधीवर पहिल्या दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या.

मास्तर एका ऑर्केस्ट्राला गाणी लिहून द्यायचे, हौसेनं. त्या वर्षी गणपतीत ऑर्केस्ट्राची गाणारी आजारी पडली. घरात चूल फुंकताना गुणगुणणारी बायको होतीच. प्रश्न होता सासूचा. शांतम्मा मोठी कडक बाई. तिनं दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, गाऊ दे, पण डोक्यावरचा पदर खाली आला तर मी स्टेजवर येऊन ओढून नेईन. म्हणून वैजयंतीबाई जीनचं गाणं इरकलच्या लुगड्यात, डोक्यावर पदर घेऊन गायल्या. हात माइकला एक आणि पदराला एक. लोकांना तेच आवडलं. खांबावर चढून माणसं ऐकत होती.

आणि शेवटी हे कडवं:

*चन्नवीर कापी नि वैजू गाती,*
*रंग उडला तरी शिवण ऱ्हाती.*

शेवटच्या कडव्यात नाव घालायचं ही आपल्याकडची जुनी रीत. अभंगात आहे, शाहिरांच्या कवनात आहे, मास्तरांच्या घरच्या कानडी वचनांतही आहे. नाव आलं की ऐकणाऱ्यानं समजायचं, गाणं पुरं झालं, ते अमक्याचं आहे, आता त्याला कुणी शेपूट जोडायचं नाही. मास्तरांनी आयुष्यात शंभरेक गाणी लिहिली असतील. दुसऱ्या कुणाचं गाणं रेडिओवर लागलं तरी शेवटच्या कडव्याला त्यांचे कान टवकारायचे. नाव नसलं तर म्हणायचे, "बेवारशी हाय."

कॅसेट निघाली आणि मग जीनच्या गाण्यांचं पीकच आलं. बार्शीच्या ऑर्केस्ट्रानं काढलं, पंढरपूरच्यानं काढलं. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. त्यात उसाच्या फडात उभी राहून मुलगी नाचायची, जीन घालूनच. सीड्या गेल्या, मोबाइल आले. मुलगी तीच, जीन तीच. गाण्यात साडी हिरवी असते, लाल असते, मोरपंखी असते. जीन मात्र निळीच. आणि गाणं नेहमी बघणाऱ्याचं. तिनं आत काय सोसलं, बटण लागत होतं का, उकडत होतं का, हे कुणी लिहिलं नाही. वैजयंतीबाईंनी असली वीसेक गाणी तरी गायली आणि एकदाही जीन घातली नाही.

पुढं ऑर्केस्ट्रा मोडला. तेव्हा वैजयंतीबाईंनी हळदीची गाणी धरली. लोक नवऱ्या-नवरीचं नाव सांगायचे आणि त्या ते जुन्या चालीत जागच्या जागी बसवायच्या. नाव केवढंही असो, दिग्विजय असो की बिरुदेव, चालीबाहेर जायचं नाही. मग वय झालं, दम लागायला लागला, आणि मास्तर पडले. त्यानंतर गाणं असं नव्हतंच. मास्तरांना कूस वळवायची, धुवायचं-पुसायचं, भरवायचं, चादरी वाळत घालायच्या. कधी कधी दुपारी त्या भिंतीला टेकून बसायच्या आणि उठायची वेळ झाली तरी अंग उठायचं नाही.

*

नंदीश आला तो जूनमध्ये. अक्कलकोट रोडकडचा, तिशीच्या आतला पोरगा. जुळे सोलापुरात एका फ्लॅटमध्ये त्यानं स्टुडिओ थाटला होता. दारात चपला काढून पाया पडला.

"मावशी, तुम्हाला शोधायला महिना गेला. कॅसेटीवर नुसतं 'वैजू आणि पार्टी' लिहिलंय. सगळ्या पोरांना वाटतंय, ती बाई वारली."

"वारली न्हाय, म्हातारी झाली," वैजयंतीबाई म्हणाल्या. "च्या घेतोस का?"

शेजारच्या सोजरबाई दारातच बसल्या होत्या. त्या मूळच्या माढ्याकडच्या. मुलगा इथं कामाला लागला म्हणून शहरात आल्या आणि कंटाळून अर्धा दिवस वैजयंतीबाईंच्या उंबऱ्यावर काढायच्या. त्यांनी नंदीशला खालपासून वर न्याहाळलं. त्याच्या जीनला दोन्ही गुडघ्यांवर भोकं होती.

"काय रं बाबा, पडलास का कुटं?"

"नाही मावशी, फॅशन आहे."

"मास्तर चांगलं आस्ते तर रफू करून दिलं आस्तं," सोजरबाई म्हणाल्या. "फुकाट."

नंदीश हसला. पोरगा वाईट नव्हता. त्यानं मास्तरांच्या खाटेजवळ जाऊन त्यांचा हात धरला, कानडीत दोन शब्द बोलला. मग सांगितलं, ते गाणं नव्यानं करायचंय, नीट, व्हिडिओसकट, आणि आवाज तुमचाच पाहिजे. जुन्या आवाजातच मजा आहे.

"माझा आवाज आता फाटला."

"फाटलेलंच चालतंय आता," नंदीश म्हणाला आणि आपल्या गुडघ्यांकडं बघितलं. सोजरबाईंनाही हसू आलं.

वैजयंतीबाईंनी पैशांचं काही विचारलं नाही. एकच सांगितलं. "चारी कडवी घ्यायची. शेवटचं कडवं गाळायचं न्हाय. त्यात ह्यांचं नाव हाय. ह्यांना ते ऐकायचंय."

"अहो, त्यात काय! मास्तरांचंच गाणं आहे. शंभर टक्के."

खाटेवरून मास्तर ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी वाटीभर कण्या संपवल्या.

ठरल्या दिवशी सोजरबाईंवर मास्तरांना सोपवून वैजयंतीबाई रिक्षानं गेल्या. स्टुडिओ म्हणजे काय, एक खोली, भिंतींना काळा स्पंज, पंखा बंद. पंख्याचा आवाज येतो म्हणून. कानाला डबे लावल्यावर स्वतःचा आवाज असा जवळून ऐकू आला की त्या दचकल्या. किती वाळला होता! वरच्या सुराला गेल्या आणि सूर हातातून सुटला.

"मावशी, एकेक ओळ घेऊ. चुकली तर तेवढीच परत."

"तेवढीच? मग गाणं कुटं झालं? ते ठिगळ झालं की."

"ठिगळ दिसणार नाही."

एकेक ओळ करत दुपार गेली. तीन कडवी झाली. चौथ्याला त्यांनी पाणी मागितलं, पदर नीट केला आणि डोळे मिटून ते कडवं एका दमात म्हटलं. ते मात्र परत घ्यावं लागलं नाही. घरी आल्या. मास्तरांना म्हणाल्या, "झालं तुमचं काम." आणि चटईवर तशाच आडव्या झाल्या.

*

चार दिवसांनी नंदीशचा फोन आला, जरा या म्हणून. स्टुडिओत एक गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या. हे श्रीमंत शेठ, श्रीमंत हे त्यांचं नावच; नव्या पेठेत त्यांचं जीनचं मोठं दुकान. व्हिडिओचा सगळा खर्च ते करणार होते. उजनीच्या पाण्याकाठी नाचणाऱ्या पोरींच्या जीनही त्यांच्याच दुकानातल्या.

नंदीश खाली बघून बोलत होता. "मावशी, गाणं तीन मिनिटांच्या वर गेलं तर लोक सोडून देतात. आणि शेठचं म्हणणं, शेवटी दुकानाचं नाव यावं. गाण्यातच. म्हणजे चौथ्या कडव्याच्या जागी…"

वैजयंतीबाई खुर्चीत बसल्या.

"तू शब्द दिला हुतास."

"मास्तरांचं नाव खाली येतंय की. गीत, चन्नवीर. हे बघा." त्यानं मोबाइल पुढं केला, बोटानं काहीतरी दाबलं, बारीक अक्षरं उघडली.

"खाली आलेलं त्यांना कसं कळंल? वाचता येत न्हाय आता. त्यांना ऐकू तेवढं येतंय."

"मावशी," श्रीमंत शेठ समजुतीनं म्हणाले, "शेवटचं कडवं कुणी ऐकत नाही बघा. लोकांना पहिलं अर्धं मिनिट पुरतं. नाचायला तेवढंच लागतंय."

"कुणी ऐकत न्हाय, तर तुमचं दुकान तितं कशाला घालताय?"

शेठनी बोटातल्या एका अंगठीला हात लावला. मग म्हणाले, "ज्योतिष्यानं सांगितलंय. शेवटी नाव आलं की टिकतंय."

"आमचं बी तेच म्हणणं हाय," वैजयंतीबाई म्हणाल्या.

वैजयंतीबाईंना वाटलं, उठून जावं. पण गेलं तर काय? हा पोरगा जुन्या कॅसेटीवरून करेल, किंवा दुसरी कुणी गाईल, आणि नाव कुठंच यायचं नाही. भांडायला अंगात जोर पाहिजे. तो नव्हता. मग आयुष्यभर जे काम केलं ते त्यांच्या तोंडात आपसूक आलं. नाव बसवायचं काम. शेवट गेला तर गेला, पहिली ओळ तर आहे! त्यांनी मांडीवर ताल धरला आणि हळूच म्हणून बघितलं:

*निळी जीन, निळी जीन, शिवली कुणी?*
*चन्नवीर मास्तरनं, आणिक कुणी!*

नंदीशनं झटकन मान वर केली. "परत म्हणा."

त्यांनी परत म्हटलं.

"हे पहिलं घेऊ! ह्याच्यावरच नाचतील सगळे!"

"अहो, पण मी तयार माल विकतो," श्रीमंत शेठ म्हणाले. "मास्तरनं शिवली म्हटल्यावर गिऱ्हाईक शिंप्याकडं जाईल की!"

"शिंपी राह्यलाय कुटं?" वैजयंतीबाई म्हणाल्या. "त्यो हंतरुणात हाय."

शेठ ओशाळले आणि मग तयार झाले. शेवट त्यांना, सुरुवात मास्तरांना. वैजयंतीबाईंनी त्या दोन ओळी तिथंच गायल्या. येताना रिक्षात त्यांना बरं वाटत होतं. उलट चांगलंच झालं, त्या मनाशी म्हणाल्या. शेवटी कोण ऐकतंय? पहिल्याच दमाला नाव.

*

गाणं मोबाइलवर आलं त्या दिवशी नंदीश स्वतः एक छोटा स्पीकर घेऊन आला. सोजरबाई पाटावर बसल्या. मास्तरांना उशा लावून उठवलं, अंगात इस्त्रीचा सदरा घातला. वैजयंतीबाईंनी नंदीशला खूण केली.

ढोल वाजला. निळी जीन, निळी जीन, शिवली कुणी? चन्नवीर मास्तरनं, आणिक कुणी!

"अगं बया, मास्तर तुमी!" सोजरबाई ओरडल्या.

पण मास्तरांचा चेहरा हलला नाही. त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. जन्मभराची सवय, नाव ऐकायचं ते शेवटी. सुरुवातीला जे वाजतंय ते लोकांना गोळा करायला वाजतंय, एवढंच त्यांच्या कानाला ठाऊक. ते पहिल्या कडव्याला स्वस्थ बसले, दुसऱ्याला स्वस्थ बसले. तिसरं संपत आलं तसे ते पुढं सरकले, डावा हात उचलला, मान तिरकी करून कान पुढं केला. आणि गाण्यातून श्रीमंत शेठचं दुकान आलं, नवी पेठ आली, ढोल थांबला.

मास्तरांचा हात तसाच वर राहिला.

"एल्ली?"

"आलं की वो!" वैजयंतीबाई घाईनं म्हणाल्या. "पयल्यांदाच आलं. नंदीश, परत लाव. पयलं लाव."

नंदीशनं परत लावलं. त्यांनी मास्तरांच्या कानाशी तोंड नेलं, "हे बगा, आता, आता… चन्नवीर मास्तरनं. ऐकलं?"

ऐकलं. या वेळी नक्की ऐकलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी डाव्या हातानं सदऱ्याच्या छातीवर, बाहेरून, जोरानं चापट्या मारल्या आणि मग हात मागं कमरेकडं नेला. दोनदा तसंच केलं. नंदीशला काही उमजेना.

"काय म्हणतात?"

"लेबल," वैजयंतीबाई म्हणाल्या. "म्हणत्यात, लेबल आतनं लावायचं आस्तं. शेवटी. ह्ये म्होरं लावल्यावानी झालं."

"इल्ला," मास्तर म्हणाले. आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

सोजरबाई उठल्या, पदराला हात पुसत. "आता गं बाई! गावभर नाव झालं तरी ह्या म्हाताऱ्याला रुसाय पायजे."

नंदीश बिचारा स्पीकर उचलून उभा राहिला. मी शेठशी बोलतो, मावशी, म्हणाला. त्याला आणि वैजयंतीबाईंना दोघांनाही माहीत होतं की आता काही होणार नाही.

नंदीश आणि सोजरबाई गेल्यावर वैजयंतीबाई खाटेच्या कडेला बसून राहिल्या. त्यांना राग आला होता. मास्तरांचा, नंदीशचा, सगळ्या निळ्या जीनांचा. एवढं वय झालं, एवढं रेटलं, आणि तरी इल्ला. भांडी घासायची होती. चादर बदलायची होती. बोळातून कुठल्यातरी पोराच्या मोबाइलवर तेच गाणं जात होतं. दुकानाच्या नावाशी येऊन थांबलं.

ते थांबलं, आणि वैजयंतीबाईंनी बसल्या जागी, ताल नाही, ठेका नाही, थकलेल्या आवाजात पुढचं म्हटलं.

*चन्नवीर कापी नि वैजू गाती,*
*रंग उडला तरी शिवण ऱ्हाती.*

मास्तरांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. पण "गाती"च्या लांबवणीला त्यांच्या घशातून घरघर निघाली, सुरात. कडवं संपलं तसे ते म्हणाले, "साकु." आणि त्यांना झोप लागली.

*

असं ते सुरू झालं. गाणं पुढच्या लग्नसराईत इतकं चाललं की विचारू नका. वरात यायची, ढोल वाजायचा, दुकानाचं नाव यायचं, आणि लगेच घरातून वैजयंतीबाईंनी चौथं कडवं जोडायचं. हात कणकेत असोत, बादलीत असोत. चुकवलं तर खाटेवरून हाक, एल्ली? काही काही दिवशी एका संध्याकाळी दोन-दोन वराती. घसा बसायचा. औषधाच्या वेळेसारखंच ते एक काम होऊन बसलं.

"ह्यांचं गाणं काय सपंना," त्या सोजरबाईंना म्हणायच्या. "जग त्याला म्होरं वडतंय आनि मी मागनं शेवट शिवत बसलीय."

एकदा त्या रेशनच्या रांगेत असताना वरात आली. घाईनं घरी पोचल्या तर आतून सोजरबाईंचा आवाज येत होता, बेसूर, दणकट, ओव्या म्हणाव्या तसा: चन्नवीर कापी नि वैजू गाती. मास्तर पडल्या पडल्या ऐकत होते.

"काय करू मग?" सोजरबाई म्हणाल्या. "डोळं वटारून बगत हुतं. म्हनलं, घ्या."

तेव्हापासून दोघी वाटून घ्यायला लागल्या.

*

चन्नवीर मास्तर पुढच्या वर्षी श्रावणात गेले. लग्नाचा हंगाम सरला होता, बोळ शांत होता. त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून नेलं. भजनं झाली, आणि भजनांत शेवटी ज्याचं त्याचं नाव आलं.

नंदीश पुण्याला गेला. तिथं जाहिरातींना संगीत देतो. दिवाळीला न चुकता फोन करतो. त्या कडव्याचं त्याला लागून राहिलं होतं. मास्तर गेल्यावर त्यानं अख्खं गाणं, चारी कडव्यांसकट, वेगळं चढवलं. ते फारसं कुणी ऐकत नाही.

श्रीमंत शेठचं दुकान चांगलं चाललं, मग तसल्याच आणखी दुकानांत हरवलं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. शेठ भेटले की वैजयंतीबाईंना मावशी म्हणून नमस्कार करतात.

सोजरबाई मुलाशी भांडून माढ्याला परत गेल्या. गुडघ्यांचं दुखणं आहे, बाकी खडखडीत आहेत. गावात बायकांना सांगतात की आपण सोलापुरात गाणं म्हणत होतो. कुणाचा विश्वास बसत नाही.

वैजयंतीबाईंनी शुक्रवार पेठेतल्या खोल्या सोडल्या. त्यांची मुलगी सिद्धेश्वरी अकलूजला असते, तिच्याकडं त्या राहायला गेल्या. गात नाहीत. नात संस्कृती कॉलेजला जाते, जीन घालूनच. आजी, एकदा घालून तरी बघ, म्हणते. वैजयंतीबाई म्हणतात, गुडघं वाकत न्हाईत बाई आता, पण एक सांग, उन्हात पाय भाजतात का? नात म्हणते, भाजतात गं, सवय होते.

कारखाना सुरू झाला की घरापुढून उसाचे ट्रॅक्टर जातात, मोठ्यानं गाणी लावून. कधीमधी ते गाणंही येतं. वैजयंतीबाई अंगणात तांदूळ निवडत असल्या तर निवडत राहतात. ट्रॅक्टर वळणापलीकडं जातो, गाणं अर्ध्यात ऐकू यायचं बंद होतं, आणि मागं रस्त्यावर उसाची दोन-चार कांडकी पडलेली असतात. ती गोळा करायला पोरं धावतात.